हात आवर

"आता चेहरा अगदी निर्विकार ठेवा. हसू नका, बोलू नका. फक्त बाळाकडे बघत राहा," छतातल्या स्पीकरमधून डॉक्टरबाईंचा आवाज आला.

खुर्चीतल्या बाईच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही. बदलण्यासारखं तिथे काही नव्हतं. जन्मापासूनच तिच्या चेहऱ्याचे स्नायू हलत नव्हते. हसू, राग, साधी आठीसुद्धा त्यावर कधी उमटली नव्हती. समोरच्या उंच खुर्चीत तिची आठ महिन्यांची मुलगी बसली होती. घरी तिला सगळे ठमी म्हणत.

काचेपलीकडच्या खोलीत दिवा मालवून तिघं उभी होती. डॉक्टरबाई, ठमीचे बाबा आणि ठमीची आजी. त्यांना आतलं सगळं दिसत होतं. आतून मात्र ती काच म्हणजे नुसता आरसा होता. आजीच्या पायाशी एक पिशवी होती. तिच्यात ठमीची झबली, दुपटी आणि लाकडी खुळखुळा. चाचणीत काही उणं निघालं, तर ठमी इथूनच आत्याकडे जाणार होती, निदान बोलायला लागेपर्यंत. तसं घरात ठरलं होतं. म्हणजे आजीने ठरवलं होतं, आणि बाबा "डॉक्टर म्हणतील तसं" एवढंच म्हणाले होते. सुनेला कुणी विचारलं नव्हतं.

"मी काही वाईट सासू नाही हो," आजी म्हणाली. "खोट काढायची असती तर लग्नाच्या वेळीच नसती का काढली? पण लेकरू आईच्या तोंडाकडे बघूनच हसायला शिकतं ना? घरात रोज बघते मी. ही समोर बसली की पोर आधी गप्प होते, मग ओठ काढते, मग भोकाड. आणि ही नुसती हाताची घडी घालून बसते!"

"नेहमी?"

"हल्ली नेहमी. आधी हाताला सारखा चाळा असायचा. ताटाच्या काठावर बोटं, टेबलावर बोटं. पाच वर्षं कानीकपाळी ओरडले, हात आवर, हात आवर. तेवढं एक मात्र ऐकलं माझं."

डॉक्टरबाई काचेकडेच बघत होत्या. "या चाचणीत एरवी असं होतं," त्या म्हणाल्या. "आईचा चेहरा थिजला की बाळ गोंधळतं. हसून बघतं, हात आपटून बघतं. तरी आई उत्तर देईना, की रडतं. ते रडणं चांगलं. आपलं माणूस हरवलं हे त्याला कळलेलं असतं."

"आणि नाहीच रडलं तर?"

"तर विचार करावा लागतो."

ठमी रडत नव्हती. पाय झाडत होती, खिदळत होती.

"बघा!" आजीचा आवाज कापला. तिला जिंकायचं नव्हतं. तिला भीती वाटत होती. "आईचा चेहरा असला काय, नसला काय, हिला फरकच नाही."

डॉक्टरबाई काचेच्या आणखी जवळ सरकल्या. ठमीची नजर आईच्या चेहऱ्याकडे नव्हतीच. ती खाली होती, तिच्या उंच खुर्चीला पुढे लावलेल्या फळीवर. तिथे आईची दोन बोटं दबकत चालली होती. मध्येच थांबत होती. थांबली की ठमी श्वास रोखायची. मग बोटं धावत सुटायची आणि ठमीच्या मुठीमागे लपायची.

डॉक्टरबाईंनी माइकचं बटण दाबलं. "आता हात मांडीवर ठेवा. दोन्ही."

बाईने हात मांडीवर घेतले. बोटं एकमेकांत गुंतवली.

ठमी रिकाम्या फळीकडे बघून हसली. वाट पाहिली. वाकून फळीखाली डोकावली. दार ठोठावावं तशी तळव्याने फळी वाजवली. मग ती अगदी गप्प झाली. तिचा खालचा ओठ बाहेर आला. आणि तिने जे भोकाड पसरलं, ते काचेपलीकडच्या खोलीतही स्पष्ट ऐकू आलं.

आधी गप्प, मग ओठ, मग भोकाड. आजीचा हात पुढे गेला तो थेट काचेवर आपटला.

"अहो, पुरे! सोडा तिचे हात!"

ते कुणी बांधलेले नव्हते.

"झालं. आता हवं ते करा," डॉक्टरबाई माइकमध्ये म्हणाल्या. बोटं फळीवर परत आली. ठमीने त्यातलं एक पकडलं, आणि गालांवरचं पाणी ओघळत असतानाच ती हसली.

बाबा हळूच म्हणाले, "माझ्याशीही ती अशी बोटांनीच बोलते. मला वाटलं, आई, तुला दिसतं."

आजीने पिशवी उचलली नाही. तिने मधलं दार उघडलं.

सासूबाई दिसताच सुनेने ठमीच्या मुठीतून बोट सोडवून घेतलं. दोन्ही हात झटकन मांडीवर आले आणि बोटं एकमेकांत घट्ट अडकली. ठमी गप्प झाली. तिने ओठ काढला.

आजी सुनेच्या पुढ्यात जमिनीवर बसली आणि तिची अडकलेली बोटं एकेक करून सोडवू लागली.