पितळी वजन

"रेकॉर्डखालच्या रबराच्या मॅटवर आवाज मेला होता, काकू. आता बुचाच्या मॅटवर ऐका!" चौबळांनी रेकॉर्डच्या मधोमध पितळी वजन ठेवून सुई टेकवली. "हे वजन कंपनं दाबतं. कळतोय ना फरक?"

जिन्यात गाणं ऐकून आत आलेल्या नव्या शेजारीणकाकूंना फरक काही कळेना. गाढवापुढे वाचली गीता, चौबळ मनात म्हणाले.

"गातंय कोण?" काकूंनी हळूच विचारलं.

तीन वर्षं चौबळ हीच रेकॉर्ड लावून नुसत्या मॅट बदलत आले होते. ते घाईघाईने लेबल वाचायला वाकले, तर लेबलावर पितळी वजनच गरगरत होतं.

"राहू द्या, उचलू नका. आवाज मरेल," काकू उठत म्हणाल्या. "त्याच्याखाली माझंच नाव आहे."