तुटक्या शेपटीचा मासा

पाण्याखालच्या कॅमेऱ्याने मासे मोजले. पडद्यावर आकडा झळकला: दोनशे बारा! चाचणी पास! साहेबांसकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यंत्र लेकीचं, ऊर आईचा भरून आला. ती मासळीबाजारातून थेट आलेली. खवले चिकटलेले हात पाठीमागे लपवून कोपऱ्यात उभी होती. पण पडद्याकडे बघता बघता तिच्या कपाळाला आठी पडली. “अगं,” ती लेकीच्या कानाशी पुटपुटली, “हा एकच मासा फिरून फिरून येतोय. शेपटी बघ, खालून तुटलीय.” लेकीचा चेहरा उतरला. गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण ती उठली. “साहेब, मोजणी चुकलीय. माझ्या आईने पकडलं. तीस वर्षं मासे विकतेय ती.” मग साहेबांनी स्वतःची खुर्ची ओढून पडद्यासमोर ठेवली. “बसा, ताई.” आई हात मांडीवर ठेवून ऐटीत बसली. “हं, लावा पहिल्यापासून!”