इतिहासाचे सर

माध्यमिक वर्गांना इतिहास पुन्हा शिकवावा का, यावर शिक्षकांची मतं मागवणारं पत्रक आलं आणि स्टाफरूममध्ये बैठक बसली. एरवी एका जास्तीच्या तासावरून हमरीतुमरीवर येणारी मंडळी आज चक्क एका सुरात बोलत होती. चहा देता देता मावशी कान देऊन ऐकत होत्या.

"आपल्या आधी इथं कोण होतं, काय करून गेलं, हे मुलांना कळायलाच हवं," भाषेच्या बाई म्हणाल्या. गणिताचे सर तर उठूनच उभे राहिले. "माणसांना असं विसरून जाणं बरं नव्हे हो!"

मावशींच्या हातातली किटली क्षणभर थांबली.

पत्रकाच्या शेवटी एक रकाना होता: विषय बंद झाला तेव्हा तो शिकवणाऱ्या शिक्षकांचं नाव. मुख्याध्यापिकांनी पेन उघडलं आणि सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले.

"होते कुणीतरी, उंच, सडपातळ," विज्ञानाचे सर डोकं खाजवत म्हणाले. "विषय गेल्यावर बिचारे गैरहजर शिक्षकांचे तास घेत फिरायचे. पुढं त्यांचं काय झालं, कोण जाणे."

"मावशी, तुम्ही दहा वर्षं आहात इथं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तुम्हाला आठवतात का हो ते?"

मावशींनी किटली खाली ठेवली.



"आठवतात ना, बाई. आमचे हेच ते. ते गेले म्हणून तर मला इथं कामाला घेतलं."