तोंडी परीक्षा बाकी

"पाच वर्षं कॉलेज, वर दोन वर्षं ऑफिसात राबली, तरी म्हणे आर्किटेक्ट म्हणायचं नाही! मग काय, गवंडी म्हणू?" मर्लआजी उशीवरून कुरकुरल्या.

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट गावच्या हॉस्पिटलातल्या नर्सना हे पाठ झालं होतं. आजी नातीची ओळख 'आमची आर्किटेक्ट' अशी करून द्यायच्या आणि टॅम्सिन लगेच दुरुस्ती करायची, "अजून नाही हं. तोंडी परीक्षा राहिलीय. नोंदणीआधी तसं म्हणवून घेतलं तर दंड होतो." आजींना ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरमागे धावत धावतसुद्धा तिने ही दुरुस्ती केली होती.

बुधवारी डॉक्टरांनी टॅम्सिनला बाहेर बोलावून घेतलं. ती परत आली तेव्हा एक नवी नर्स सलाइन बदलत होती.

"ही माझी नात बरं का," आजी तिला म्हणाल्या. "आर्किटेक्ट आहे."

"हो," टॅम्सिन म्हणाली आणि पांघरूण सारखं करू लागली.

आजी दुरुस्तीची वाट बघत राहिल्या. नर्स गेली, दार लागलं, तरी टॅम्सिन पांघरूणच सारखं करत होती.

"किती दिवस म्हणाले गं डॉक्टर?" आजींनी विचारलं.