सीटलाही पॉलिश

"साहेब, हे टाकीला लावा, सीटला नको. बसलेलं माणूस घसरतं," दुकानदाराने बजावलं. पण खंडेनवमीला सोसायटीत आपलीच मोटारसायकल उठून दिसायला हवी ना! तासभर बाटल्या निरखून विश्वंभरने सगळ्यांत चकचकीत पॉलिश निवडलं आणि सीटलाही हौसेनं चोपडलं.

पूजा आटोपली. झेंडूचा हार घातलेल्या गाडीवर त्याची बायको, रोहिणी, रेशमी साडी सावरत एका बाजूला बसली. फाटकाशी वळताना ती सुळकन घसरली आणि थेट चिखलात बसली. गडबडीत गाडीही फाटकाला घासली.

विश्वंभर उडी मारून उतरला. गुडघे टेकून, डोळ्यांत पाणी आणून, मऊ फडक्याने हळुवार पुसू लागला. "फार लागलं का गं राणी?"

"अहो," मागून चिखलातून रोहिणी म्हणाली, "मी इकडे आहे."