टणक जमिनीवर नववी ब

तिसऱ्या लाल झेंडीपाशीही सळई आत गेली नाही. शिपायाने वरून घण घातला, ठण्ण आवाज झाला, आणि खाण कंपनीच्या साहेबांचा चेहरा गणिताचा पेपर सोपा निघाल्यासारखा खुलला.

"बघा मॅडम! टणक. खडकच म्हणा ना."

पाहणीला आलेल्या सरकारी बाईंनी कागदावर तिसरी खूण केली. आता चौथी झेंडी, आणि मग सही. सही झाली की बंद खाणीचा हा मातीने भरलेला खड्डा घरं बांधायला लायक ठरणार होता. खाणीमागच्या चाळीस कुटुंबांना आपली ओली घरं सोडून इथं राहायला यावं लागणार होतं. तक्रार मिटली, फाईल बंद.

"घरात पाणी येतं म्हणून तुम्ही दुसरी जागा देताय ना?" त्या चाळिसांतल्याच एका घरची, नववीतल्या टिटवीची आई म्हणाली. "मग ती पाण्यावरच कशी काय देता? आमच्या दारात पायपुसणं आहे साहेब, पण पाय आत येताना नाही, बाहेर पडताना पुसावे लागतात!"

"ते पाणी खाणीचं नाही. तुमचे नळ गळत असतील," साहेब म्हणाले.

आता टिटवीच्या बाबांनाही राहवेना. "बावीस वर्षं मी खाणीतला पंप चालवलाय. दिवसरात्र उपसायचो तेव्हा कुठे तळ दिसायचा. खाण बंद झाली, पंप बंद झाला, मी घरी बसलो. म्हणून काय पाणीही घरी बसलं?"

"बसलंय की," आई पुटपुटली. "आपल्याच."

बाबा बाईंकडे वळले. "मॅडम, झेंड्यांखाली यांनी दगड पुरलेत. चार पावलं बाजूला सळई मारून बघा."

"नकाशावर चारच जागा आहेत," साहेब लगेच म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

"नकाशाबाहेर मला मोजता येत नाही, काका," बाई म्हणाल्या. त्यांनाही ते आवडलेलं दिसत नव्हतं, पण त्या चौथ्या झेंडीकडे निघाल्या.

शेजारच्या मुलींच्या शाळेच्या कुंपणाला लोंबकळून टिटवी हे सगळं ऐकत होती. मधली सुट्टी संपायला दहा मिनिटं होती आणि तिच्या पोटात एक गुपित उड्या मारत होतं. अख्ख्या नववी ब चं गुपित. शाळेच्या मैदानावर त्यांच्या दोरीच्या उड्या कधी चाळिसाच्या वर गेल्या नव्हत्या. कुंपणापलीकडच्या या जमिनीवर गेल्याच आठवड्यात एकशे बारा झाल्या होत्या! पाय टेकायचा अवकाश, जमीनच वर फेकायची. मोठ्यांना सांगायची सोय नव्हती. सांगितलं की खेळ बंद. जगातलं सगळ्यात भारी मैदान कुणी हातानं घालवतं का?

टिटवीने आईकडे पाहिलं. मग ती कुंपणाच्या फटीतून आत घुसली.

"मॅडम! ही जमीन टणक नाहीये. ही उडवते!"

"ए टिटवे, गप," बाबा दबक्या आवाजात म्हणाले.

साहेब मात्र पोट धरून हसले. "उडवते? अगं बाळ, इथं हत्ती नाचवलास ना, तरी काही व्हायचं नाही!"

"हत्ती नाहीये साहेब," टिटवी म्हणाली. "पण नववी ब आहे."

तिने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. फटीतून एक पोर आली, मग चार, मग भसाभसा अडतीस.

"या, या!" साहेबांनी हात पसरले. "मॅडम, फोटो काढा. मुली इथं बिनधास्त खेळतात, आणखी काय पुरावा हवा?"

मुलींनी एकमेकींच्या खांद्यांवर हात टाकले. टिटवी पुढे उभी राहिली. "एक, दोन, उडी!"

काही झालं नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

"उडी!" साहेबांसाठी मांडलेल्या टेबलावरचा चहा बशीत सांडला.

"उडी!" आता जमिनीला ताल सापडला. ती खाली गेली, वर आली, आणि अडतीस पोरींना घेऊन गादीसारखी हिंदकळायला लागली. कुणीतरी खिदळलं आणि सगळ्या खिदळत सुटल्या. लांबच्या झेंड्या माना डोलवू लागल्या. शिपाई सळईला मिठी मारून उभा राहिला. "घाबरू नका," बाबा ओरडले, "पोरी नाचण्याइतकी माती आहे वर, भिंत मात्र उभी राहायची नाही!" आईने चपला भिरकावल्या आणि तीही रांगेत शिरली. बाई फाईल छातीशी धरून गंभीर उभ्या होत्या, पण जमीन त्यांनाही वर-खाली करत होती. वर-खाली होताना गंभीर राहता येत नाही. त्यांना हसू फुटलं.

"उडी!"

तिथंच उभ्या केलेल्या साहेबांच्या गाडीचं मागचं चाक गुळूप करून आत गेलं. त्याच्याभोवती तांबूस पाणी वर आलं आणि त्यावर बुडबुडे फुटले. साहेब पळत सुटले. एक बूट चिखलातच राहिला, तरी ते दोन्ही हात हलवत, घसा फाटेस्तोवर ओरडत होते.

"थांबा! थांबा गं पोरींनो! जमीन खचेल!"

पोरी थांबल्या. जमीन अजून झुलत होती.

बाईंनी डोळे पुसले, पेनचं टोपण काढलं आणि नव्या ओळीवर टोक टेकवून विचारलं, "साहेब, कंपनीचं म्हणणं म्हणून हेच लिहू ना?"