कच्चा लिंबू

सोसायटीच्या पार्किंगमध्ये पकडापकडी चालली होती. राज्य निहारवर होतं. त्याने रेवाच्या पाठीला हात लावला आणि नेहमीसारखंच सांगून टाकलं, "रेवा कच्चा लिंबू आहे. तिच्यावर राज्य नाही."

कच्चा लिंबू सगळ्यात लहान मुलाला ठेवतात. रेवा दहा वर्षांची होती, त्यांच्यात सगळ्यात उंच.

तिचा खरा दादा निहार नवव्या वर्षी वारला, तेव्हा ती सहाची होती. तिने खेळणंच सोडलं. म्हणून आईने, शलाकाने, त्याच्या खेळण्याच्या सगळ्या सवयी भरलेलं, त्याच्यासारखंच दिसणारं हे यंत्र आणलं. तेही धावायचं, चिडवायचं, रुसायचं. सगळे त्याला निहारच म्हणत. त्याचा हात धरूनच रेवा हळूहळू पुन्हा मुलांत मिसळली. पण त्याच्या लेखी ती अजून सहाचीच होती.

कडेला उभ्या असलेल्या शलाकाने तिला जवळ बोलावलं. "याचं वय वाढवून घेऊ या का गं? म्हणजे तो तुझा दादाच राहील."

"नको. दादा एवढाच होता ना, आई."

रेवा मुलांकडे परतली. "राज्य माझ्यावर. आणि आजपासून निहार कच्चा लिंबू. त्याला कोणी आऊट करायचं नाही."

निहार रुसला. "मी तुझ्याहून मोठा आहे."

"होतास," रेवा म्हणाली. मग त्याला लांब पळता यावं म्हणून ती भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून उभी राहिली. कितीतरी वेळ.